पन्हाळ्याहून जिंजीला: देश बघायला निघताना घरातली कुठली वाट धरावी?

उंबरठा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, हा माझा पहिलाच धागा. लांबलाय थोडा, सांभाळून घ्या.

आमचं घर कोल्हापुरात, महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीत. वरच्या तीन खोल्या आजीच्या काळापासून आम्ही यात्रेकरूंना देतो. येणाऱ्यांत निम्मी माणसं तेलुगू बोलणारी. तिरुपतीहून येणाऱ्या हरिप्रिया एक्स्प्रेसनं उतरतात आणि पिशव्या खोलीत टाकून आधी देवळाकडे पळतात. भृगू ऋषींनी विष्णूच्या छातीवर लाथ मारली, लक्ष्मी रुसून करवीरात येऊन राहिली, ही कथा त्यांच्याकडची लहान पोरंही सांगतात. बालाजीचं दर्शन अंबाबाईशिवाय पुरं होत नाही, असं ती मानतात. नवरात्रात तिरुपतीहून देवीला शालू येतो, तो दिवस आमच्या गल्लीला सणाचाच. आजीला लिहितावाचता येत नव्हतं. पण 'मंचि नीळ्ळु' म्हणजे प्यायचं पाणी आणि 'अम्मवारु' म्हणजे आपली अंबाबाई, एवढं तिला कळायचं. तेवढ्या भाषेवर तिनं चाळीस वर्षं पाहुणे सांभाळले.

आणि त्या गाडीत उलट्या दिशेनं आमच्या घरातलं कुणी कधी बसलं नव्हतं!

बाबा एसटीत चालक होते, त्यातली नऊ वर्षं पन्हाळ्याच्या गाडीवर. २०२५च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले. पेपरात नकाशा आला होता. बाबांनी तो कापून देवघराच्या भिंतीवर लावला. अकरा ठिपके महाराष्ट्रात आणि एकच ठिपका खाली तामिळनाडूत, जिंजी. रोज पूजा करताना त्यांची नजर तिथं जायची. एक दिवस म्हणाले, "राजाराम महाराज पन्हाळ्यावरनंच निघाले होते तिकडं. मी नऊ वर्षं पन्हाळ्यालाच गाडी थांबवून परत फिरलो. पुढं एकदा जाऊ या का?"

बाबा बाहत्तर वर्षांचे. आम्ही जानेवारीत निघालो.

होस्पेटला उतरून हंपी केली. तिथलं लिहिणाऱ्यांनी पुष्कळ लिहिलंय, मी थोडक्यात आटोपते. एवढंच सांगते, की हंपी एका दिवसात 'उरकायची' जागा नाही. आम्ही तेच केलं आणि अजून चुटपुट लागून आहे. तिरुपतीला दर्शन झालं. तिथून वेल्लोरवरनं बसनं तिरुवण्णामलै.

तिथं आम्ही अडकलो. आधी पैसे भरून ठेवलेली खोली ऐनवेळी मिळाली नाही. त्या दिवशी पौर्णिमा होती आणि आम्ही पंचांग बघितलं नव्हतं. दर पौर्णिमेला अरुणाचल डोंगराभोवती चौदा किलोमीटरची प्रदक्षिणा असते, रात्रभर लाखो माणसं अनवाणी चालतात. गावात पाय ठेवायला जागा नाही. बाबांचा गुडघा सुजलेला. फुलांच्या दुकानाशी थांबलो होतो. फुलं विकणारी बाई बाबांच्या पायाकडे बघत होती. तिनं गजरा ओवायचं थांबवलं, मागच्या दारानं आम्हाला घरात नेलं, चटई पसरली आणि त्या चटईवर दोनदा हात थोपटला. बोलली काहीच नाही. आमची आजी पाहुण्यांपुढं सतरंजी टाकून अस्साच हात थोपटायची. मला रडू आवरेना. सकाळी पैसे देऊ केले तर तिनं माझ्या वेणीत गजरा माळला आणि दुकान उघडायला निघून गेली.

तिथून जिंजी चाळीसेक किलोमीटर, बस किल्ल्याला लागूनच जाते. एक किल्ला म्हणायचा, पण आहेत तीन डोंगर. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी, त्रिकोणात उभे, आणि तिघांना जोडणारी तटबंदी. डोंगर म्हणजे आपल्यासारखे काळ्या कातळाचे टप्पे नव्हेत. हंड्यावर हंडे रचावेत तसे प्रचंड गोल धोंडे. शिवाजी महाराजांनी हा किल्ला १६७७ला घेतला. बारा वर्षांनी रायगड पडायची वेळ आली तेव्हा राजाराम महाराज प्रतापगड, पन्हाळा करत यात्रेकरूच्या वेशात इथं पोचले. वाटेत केळदीच्या राणी चन्नम्मांनी औरंगजेबाचा रोष पत्करून त्यांना पुढं सोडलं. ताराबाईही नंतर इथं आल्या. मोगलांचा वेढा सात-आठ वर्षं चालला, किल्ला पडला १६९८ला, तोवर महाराज निसटले होते. आपली कोल्हापूरची गादी ज्या ताराबाईंनी उभी केली, त्या ताराबाई या दगडांमधून वावरल्यात हे तिथं उभं राहिल्यावरच माझ्या डोक्यात शिरलं.

राजगिरीवर बाबांना चढता आलं नाही. पायथ्याला धान्याची कोठारं आहेत. जाड भिंती, वर कमानीचं छत, आत गारवा. बाबा आत गेले, भिंतीला तळवा लावून उभे राहिले आणि म्हणाले, "गंगा कोठी." पन्हाळ्याच्या अंबरखान्यात गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन कोठारं आहेत, त्यातली ती. आवाज घुमतो का बघायला त्यांनी एक हाळी दिली, पन्हाळ्यावर शाळेच्या पोरांना देऊन दाखवायचे तशीच. घुमला.

शेवटी तंजावर. राजराज चोळानं १०१०च्या सुमाराला पुरं केलेलं बृहदीश्वराचं देऊळ, दोनशे फुटांच्या वर उंच शिखर. आणि त्याच देवळाच्या आवारातल्या भिंतीवर मराठीत, १८०३ साली सरफोजीराजांनी कोरून घेतलेला भोसल्यांचा इतिहास. भिंतीमागून भिंत नुसती अक्षरं. बाबा बोट फिरवत एकेक शब्द लावत होते. चारी बाजूंना तमिळ, आणि मधेच आपलं 'राजे' आणि 'पुत्र'.

मला विचारायचंय ते असं. एवढा मोठा देश, आयुष्य पुरणार नाही. पॅकेजवाले 'दहा दिवसांत अमुक पॉइंट' म्हणून नेतात, आणि परत आल्यावर कुठलं देऊळ कुठल्या गावात होतं तेही आठवत नाही. आम्ही घरातून निघणारी एकच वाट धरली आणि शेवटपर्यंत गेलो, त्यातलं सगळं लक्षात राहिलं. तुमच्या घरातून, पेठेतून, गावातून अशी कुठली वाट निघते? मला पुढची ठरवायचीय.

पेठेतला

ताई, लई भारी लिहिलंय. त्या चटईपाशी मी थांबलो दोन मिनिटं.

आमच्या पेठेतनं निघणारी वाट सांगतो. तालमीची. १९०२ला शाहू महाराज विलायतेला गेले तेव्हा त्यांनी रोमचं ते जुनं मैदान बघितलं आणि १९१२ला खासबाग उभं केलं. मधी हौदा, भोवती चढत गेलेली बैठक, कुठंही बसा कुस्ती दिसतेच. पंजाबचे, उत्तरेचे मल्ल तेव्हापासनं इथं येत्यात. आमच्या तालमीत आजोबांच्या वेळी बनारसकडचा एक गडी राहायचा, तो थंडाई करायचा आणि आमचे गडी त्याला भाकरी थापायला शिकवायचे. त्याच्या गावाला जायचं आजोबांच्या मनात होतं, राहूनच गेलं. मी तरी जाणार. बनारसचे घाट बघायचे आणि घाटामागचे आखाडेबी बघायचे.

खर्च किती आला तेवढा सांगा. आणि चढणीचा नेमका त्रास किती? आईला न्यायची आहे.

उंबरठा

@पेठेतला, भाऊ, दोघांना सगळं मिळून बाविसेक हजार. स्लीपरचं तिकीट, साधी खोली, खानावळीतलं जेवण. राजगिरीच्या पायऱ्या खूप आहेत आणि उभ्या आहेत. वर जायचं तर सकाळी लवकर पोचा, दुपार टळली की चढू देत नाहीत. आईंना वर नेऊ नका. कल्याण महाल, कोठारं, घोड्यांच्या पागा हे सगळं खाली सपाटीवर आहे, त्यातच अर्धा दिवस जातो.

शिरोळ_काठ

मी खिद्रापूरच्या बाजूचा. आमची वाट फार लांब जात नाही, नदी ओलांडली की संपली. पण मी ती सांगणारच.

कोल्हापूरहून साठेक किलोमीटरवर कृष्णाकाठी कोपेश्वराचं देऊळ. शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. पुढचा स्वर्गमंडप गोल आहे आणि वर छत नाही, आभाळच. ते बांधायचं राहिलं असं नाही, मुद्दाम मोकळं ठेवलंय. कडेनं दिक्पाल आपापल्या वाहनांवर बसलेत. त्रिपुरी पौर्णिमेला मध्यरात्रीच्या सुमाराला चंद्र त्या गोलाच्या बरोबर वर येतो आणि खालच्या गोल शिळेवर उजेड उतरतो.

आता मुद्दा. शंकराचं देऊळ, आणि समोर नंदी नाही. आत गाभाऱ्यात दोन लिंगं आहेत, कोपेश्वर आणि धोपेश्वर. आमच्याकडं सांगतात की दक्षाच्या यज्ञाला सती नंदीवर बसून गेली, ती गेली यडूरला. म्हणून नंदी तिकडं, आणि कोपलेला महादेव इकडं, त्याची समजूत घालायला विष्णू शेजारी. यडूर आज चिकोडी तालुक्यात, कर्नाटकात. देव एका राज्यात आणि त्याचा नंदी दुसऱ्या राज्यात! देवळातले बहुतेक शिलालेख जुन्या कन्नडमध्ये आहेत. माझी आई यडूरची. माहेरी कन्नड, सासरी मराठी. आमच्या घरात दोन्ही भाषांत भांडण होतं आणि दोन्ही भाषांत मिटतं.

परदेशी पाहुणे हंपीला जातात, बदामीला जातात आणि मधलं हे देऊळ त्यांना माहीत नसतं. कोल्हापुरातल्याच माणसांना माहीत नाही, त्यांना काय बोलायचं. २०१९च्या पुरात देवळाभोवती पाणीच पाणी होतं. पाणी उतरल्यावर आम्ही आठ दिवस गाळ काढला. पायथ्याला हत्तींची रांग आहे, त्या एकेका हत्तीच्या सोंडेतला गाळ बोटानं काढलाय. त्यामुळं मला त्या देवळाबद्दल शांतपणे बोलता येत नाही, माफ करा.

निवृत्त_रोखपाल

शिरोळकर, माफी कसली मागता. गाळ काढणाऱ्याला हक्क आहे.

मी बँकेत एकतीस वर्षं कॅश काउंटरला होतो. माझी वाट माझ्या हातातून गेली, अक्षरशः. नव्या नोटा आल्या तेव्हा सवयीनं प्रत्येक नोट पालथी करून बघितली. तुम्हीही आत्ता खिशातून काढून बघा. दहाच्या मागे कोणार्कच्या सूर्यमंदिराचं चाक. वीसच्या मागे वेरूळ. पन्नासवर हंपीचा दगडी रथ. शंभरवर पाटणची राणी की वाव. दोनशेवर सांचीचा स्तूप. पाचशेवर लाल किल्ला. दिवसाला हजारो नोटा मोजायच्या, आणि यातलं वेरूळ सोडून मी काही बघितलेलं नव्हतं. निवृत्तीच्या दिवशी घरी येऊन सौ.ला म्हटलं, आता ही सहा ठिकाणं बघायची, दुसरं काही नको.

चार झाली. वेरूळ पुन्हा केलं, कारण शाळेच्या सहलीत बघितलेलं खरं नसतं. कैलास लेणं वरून खाली खोदत आणलंय, आठव्या शतकात, राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळात. म्हणजे कारागिरांनी कळस आधी घडवला आणि पाया शेवटी. मी आयुष्यभर हिशेब केला, पण एकही घाव चुकवायला जागा नसलेला हिशेब तो.

सगळ्यांत जीव अडकला तो पाटणला. गुजरातमधलं साधं तालुक्याचं गाव वाटतं. आत गेल्यावर जमिनीत उतरत जाणारी विहीर, पायऱ्यांवर पायऱ्या, आणि दोन्ही बाजूंना शेकडो मूर्ती. अकराव्या शतकात राणी उदयमतीनं नवऱ्याच्या, भीमदेव सोळंकीच्या आठवणीत बांधली. पुढं सरस्वती नदीच्या पुरात गाळानं भरून गेली आणि शतकानुशतकं गाडलेली राहिली. कोरीव काम इतकं ताजं कसं, तर त्या गाळामुळे. शिरोळकर, तुमच्या हत्तींचं वाचलं तेव्हा मला तेच आठवलं.

तिथं पटोळं विणणाऱ्या साळवी घराण्यांपैकी एकाच्या घरी गेलो होतो. ताणा आणि बाणा दोन्ही आधी गाठी बांधून रंगवायचे आणि मग विणताना ठिपक्यावर ठिपका बसवायचा. एका पातळाला सहा महिने, कधी वर्ष. वयस्कर कारागीर सुईनं एकेक धागा सरकवून नक्षी जुळवत बसले होते. मी कोल्हापूरचा म्हटल्यावर त्यांनी मान वर केली. म्हणाले, आमचे पूर्वज जालन्याहून आले, राजा कुमारपाळानं बोलावून आणले. घराण्यात अशी आठवण चालत आलीय. आठेकशे वर्षांपूर्वी सोडलेल्या गावाचं नाव त्यांनी घेतलं तेव्हा आवाजात काय होतं ते मला लिहिता येत नाही.

राहिलं कोणार्क आणि सांची. सौ. मागच्या वर्षी गेली. दोन्ही मी करणार आहे. तिच्या पाकिटात दहाची एक नवी नोट होती, ती घेऊन जाणार आहे.

उंबरठा

काका, कोणार्कला जाल तेव्हा इथं नक्की लिहा. सोबत हवी असेल तर तसंही लिहा.

दूरची_वाट

मी कोल्हापूरची, सध्या नोकरीसाठी चेन्नईत, सहा वर्षं झाली. धागा मनापासून आवडला. पण एक गोष्ट खटकतेय, ती बोलल्याशिवाय राहवत नाही. राग मानू नका.

आपण जिंजीला जातो आणि तिथं आपल्यालाच शोधतो. तंजावरला जातो आणि हजार वर्षांच्या देवळात मराठी अक्षरं वाचतो. ताई, तुमच्या अख्ख्या लेखात जिंजी कुणाची आहे, हे कुठं आलंच नाही. तमिळ माणसाला विचारलंत तर तो पहिलं नाव देसिंग राजाचं घेईल. हा बुंदेला राजपूत घराण्यातला, तेजसिंह. म्हणजे तोही लांबून आलेलाच. १७१४ साली अर्काटच्या नवाबाशी लढताना पोरसवदा वयात पडला. त्याच्यावरचे पोवाड्यासारखे तमिळ कथागीत गावोगाव म्हटले जातात. त्यात त्याचा मित्र महाबत खान आहे, स्वतःच्या लग्नातून उठून मित्रासाठी लढायला आलेला आणि त्याच्याबरोबर पडलेला. बुंदेलखंडातला रजपूत आणि त्याचा मुसलमान मित्र यांच्यासाठी तमिळ खेड्यातली म्हातारी डोळ्याला पदर लावते. मराठे जिंजीला जेमतेम वीस-एकवीस वर्षं होते. त्याआधी नायक होते, विजापूरकर होते. नंतर मोगल, फ्रेंच, इंग्रज. फक्त आपलाच ठिपका बघायचा तर एवढ्या लांब कशाला जायचं?

पेठेतला

@दूरची_वाट, ताई तुमचं खरं आहे, पर माणूस पहिल्यांदा जाताना काहीतरी वळखीचं धरूनच जाणार ना? अनोळखी घरात शिरताना आपण पण म्हणतोच की, अमक्याचा पाव्हणा म्हणून.

उंबरठा

@दूरची_वाट, राग कसला. तुमची पोस्ट दोन दिवस मनात घोळत होती, म्हणून उशिरा लिहितेय.

कोठारातून बाहेर आलो तेव्हा शेंगा विकणारे एक आजोबा आमच्याजवळ आले होते. बाबांची हाळी त्यांनी ऐकली असावी. वर राजगिरीकडे हात करून ते कितीतरी वेळ बोलत होते. 'देसिंगु, देसिंगु' असं सारखं म्हणत होते. मग दोन्ही हातांनी लगाम ओढल्यासारखं करून दाखवलं. मला वाटलं, वर तशा नावाची काही जागा आहे. मी मान हलवली, शेंगा घेतल्या आणि आम्ही बसकडे निघालो. ते अजून बोलत होते.

आज कळलं ते कुणाबद्दल सांगत होते. बाबांना वाचून दाखवलं तुमचं लिहिणं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "त्यानं आपलं ऐकलं, आपण त्याचं ऐकलं नाही." त्यांनी भिंतीवरच्या नकाशात जिंजीच्या ठिपक्याशेजारी पेन्सिलीनं 'देसिंग' लिहिलंय.

आमच्याकडे येणाऱ्या तेलुगू पाहुण्यांचंही मला तसंच आठवलं. ती अंबाबाईकडे स्वतःची वाट धरून येतात, लक्ष्मी म्हणून. आपण तिला जगदंबा म्हणतो. आजी कधी त्यांना दुरुस्त करायला गेली नाही. त्यांची कथा ती ऐकायची, दरवर्षी नव्यानं.

सूरवेडी

या चर्चेत मला माझी वाट सापडली. गाण्याची.

उस्ताद अल्लादिया खाँ अलीगढजवळच्या अत्रौलीच्या घराण्यातले. शाहू महाराजांनी त्यांना दरबारी गायक केलं आणि जयपूर-अत्रौली घराणं खऱ्या अर्थानं रुजलं ते कोल्हापूरच्या मातीत. नाव दोन उत्तरेच्या गावांचं, बहर इथं. त्यांच्याकडे शिकायला गोव्याहून केसरबाई केरकर आल्या, मोगूबाई कुर्डीकर आल्या. धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांना खाँसाहेबांच्याच मुलांची, मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांची तालीम मिळाली. उत्तरेचा मुसलमान उस्ताद, मराठी राजा, कोकणी आणि कन्नड शिष्य. १९७७ला अमेरिकेनं व्हॉयेजर यान सोडलं, त्यावरच्या सोन्याच्या तबकडीत केसरबाईंची भैरवी आहे. सूर्यमालेच्या बाहेर गेलाय तो आवाज.

पण मला सांगायचंय ते कुर्डीचं. मोगूबाईंचं गाव गोव्यात सांग्याजवळ. साळावली धरणाच्या पाण्यात बुडालं. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की गाव वर येतं, घरांची जोती, वाटा, सोमेश्वराचं छोटं देऊळ. गावकरी कुठकुठून येतात आणि आपापल्या जोत्यावर बसतात. मी गेल्या मे महिन्यात गेले होते. चिखल वाळून त्याच्या खपल्या झालेल्या, पायाखाली चुरचुर वाजत होत्या. मोगूबाईंच्या घराची जागा एका गावकरी काकांनी दाखवली. त्यांना गाण्यातलं फार कळत नव्हतं. त्यांना फक्त माहीत होतं, की इथली एक मुलगी लांब जाऊन मोठी झाली. मी त्यांना किशोरीताईंचं गाणं मोबाइलवर ऐकवलं. म्हटलं, त्या मुलीची मुलगी. काका जोत्यावर बसून पूर्ण ऐकत राहिले.

मे अखेरीपर्यंतच जा. पाऊस लागला की गाव परत पाण्याखाली.

चामड्याचा_वास

आम्ही सुभाषनगरचे, चपलेचं काम घरात चार पिढ्या. वाचून वाटलं आपणही लिहावं.

कोल्हापुरी चप्पल म्हणता, पण २०१९ला जे भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून आहे. चार आपल्याकडचे, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर. चार कर्नाटकातले, बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. सीमेवरून दोन राज्यांचं काय चालतं ते चालू दे, चप्पल दोन्हीकडची आहे आणि कागदावर तसं लिहिलेलंही आहे. माझी चुलती अथणीची. वेणी घालावी तर तिनंच. चामड्याच्या बारीक वाद्या ओल्या करून गुंफायच्या, प्रत्येक पेड सारख्या ताणाचा. एक पेड सैल पडला तर पट्टा महिन्यात वाकडा होतो. चामडं कमावायला बाभळीची साल आणि हिरडा. शिवण चामड्याच्याच वादीची, खिळा नाही. बायकांचं हे काम कुणी मोजत नाही, दुकानात नाव पुरुषाचं.

पाहुणे येतात, चप्पल लाइनला घासाघीस करतात, फोटो काढतात आणि जातात. एकदा आमच्या गल्लीत या म्हणावं. अर्धा तास बसून एक पट्टा तयार होताना बघा, मग भाव करा. एक दिल्लीच्या बाई आल्या होत्या, दोन तास बसल्या. जाताना भाव केलाच नाही, आणि चुलतीचं नाव विचारून वहीत लिहून घेतलं. चुलती अजून सांगते.

टाकळीवाला

सैनिक टाकळीचा, मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त. बेळगावला ट्रेनिंग, पुढं देशभर पोस्टिंग. मला वाट निवडायला मिळाली नाही, सरकारनं पाठवलं तिकडं गेलो. पण ईशान्य भारताचं इथं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

तवांगचा मठ दहा हजार फुटांवर. १६८०-८१च्या सुमाराचा. शिवाजी महाराज गेले त्याच वेळचा, हे मला तिथं एका लामांनी स्थापनेचं साल सांगितलं तेव्हा सुचलं. बर्फ पडत होतं. आतला लोण्याच्या दिव्यांचा वास मी अजून ओळखेन.

मेघालयात खासी लोक जिवंत पूल करतात. रबराच्या झाडाची हवेत लोंबणारी मुळं सुपारीच्या पोकळ खोडातून ओढ्यापलीकडं नेतात, तिकडं मातीत रुजवतात. माणूस पेलायला पंधरा-वीस वर्षं लागतात. पूल सुरू करणारा बहुधा म्हातारा असतो. एकाला विचारलं, हा कुणासाठी? त्यानं ओढ्यात खेळणाऱ्या पोरांकडं बोट केलं. दगडी पूल जुना होईल तसा खचतो, हा जुना होईल तसा घट्ट होतो. जायचं तर ऑक्टोबर ते एप्रिल. पायऱ्या भरपूर, काठी घ्या, प्लास्टिक नेऊ नका.

निवृत्त_रोखपाल

@उंबरठा, तुम्ही सोबतीचं विचारलंत. कोणार्कची तिकिटं डिसेंबरातली काढतोय. पुरीला उतरून पुढं जायचं. बाबा येणार असतील तर मला बरं वाटेल, गुडघेदुखीत आम्ही दोघं बरोबरीचे.

उंबरठा

काका, बाबांना विचारलं. त्यांनी कपाटातून स्वेटर काढून उन्हात टाकलाय, म्हणजे उत्तर समजा. आमच्या एका पाहुण्यांचं घर विशाखापट्टणमला आहे, वाटेत उतरायला ते कितीतरी वर्षं बोलावतायत. या वेळी उतरू.

त्याआधी जवळचं एक करू. शिरोळकर, त्रिपुरी पौर्णिमेला आम्ही खिद्रापूरला येतो. सकाळी आधी यडूरला जाऊन नंदी बघायचा, मग नदी ओलांडून देवाकडे यायचं, हा क्रम मला आवडला. @चामड्याचा_वास, तुमच्या चुलतींना घेऊन या, अथणीकडच्या गोष्टी त्यांच्याकडून ऐकू. @पेठेतला, आईंना आणा, चढ अजिबात नाही. @दूरची_वाट, सुट्टी मिळाली तर देसिंग राजाचं ते कथागीत म्हणून दाखवाल का? नुसतं वाचून दाखवलंत तरी चालेल, बाबा रोज विचारतात.

शिरोळ_काठ

या या. आई यडूरला पुढं जाऊन थांबेल, तिच्या भावाच्या घरी चहा. देवळात मोबाइलचा उजेड कुणी लावू नका एवढंच, चंद्र वर यायला वेळ लागतो आणि डोळे अंधाराला सरावलेले हवेत. रात्री गार वारं सुटतं नदीचं, शाली आणा.

दूरची_वाट

येते. शेजारच्या पाटींकडून, म्हणजे इथल्या आजींकडून, दोन कडवी शिकून येते. त्यांना सांगितलं कुठं म्हणणार आहे ते. त्यांनी विचारलं, त्या देवळात देव कोणता.

उंबरठा

नऊ जणं झालो. पिठलं आणि खर्डा मी आणते, दही शिरोळकरांकडं. ज्वारीच्या भाकरी किती लागतील ते मंगळवारपर्यंत कळवा, पीठ दळून आणायचंय.